बाबा आयसीयूत आहेत, टी३ (थायरॉइडचा एक हार्मोन) खूप कमी आला आहे. थायरॉइडची गोळी सुरू करायला हवी का?

बहुतेक वेळा नाही. आधी थायरॉइडचा त्रास नसेल, तर हा आकडा ग्रंथीच्या बिघाडाचा नसून आजारपणाचाच असतो. सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडू लागणं), हार्ट अटॅक, मोठं ऑपरेशन अशा वेळी शरीर टी४ या थायरॉइडच्या दुसऱ्या हार्मोनपासून टी३ बनवणं कमी करतं आणि निष्क्रिय 'रिव्हर्स टी३' वाढतो. काही तासांतच टी३ घसरतो. एका परीने शरीर काटकसरच करतं म्हणा ना.

आजार लांबला की टी४ सुद्धा उतरतो, आणि तो फार खाली गेलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. पण ताप मोजणारा थर्मामीटर ताप आणत नाही, तसंच हे. बाहेरून हार्मोन देऊन माणसं जास्त वाचतात, असं आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही.

टीएसएचवरही (थायरॉइडला कामाला लावणारा पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन) लगेच विसंबू नका. डोपामिन (आयसीयूत रक्तदाब टिकवायला देतात ते औषध) आणि स्टेरॉइडने तो दबतो, बरं होताना थोडा वाढतोही. घरी आल्यावर साधारण ६ आठवड्यांनी पुन्हा तपासा.

मात्र आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ते डॉक्टरांना आजच सांगा. भरतीच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं. शिवाय अंग थंड पडणं, नाडी मंद होणं, गुंगी आणि सोबत टीएसएच बराच वाढलेला असेल, तर प्रकरण वेगळं, तिथे उपचार तातडीने लागतात.