दूध नाकारणारी माणसं पडद्यावर विक्षिप्तच का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात शिकते. मांस-अंडी आमच्या घरात नव्हतीच, पण गेल्या वर्षापासून तिने दूध, दही, तूप आणि मधही सोडलंय. व्हीगन झालीय म्हणते. सुट्टीत घरी आली की रात्री सगळे मिळून काहीतरी बघतो. त्यात असं पात्र आलं की ते येडपट, भांडखोर किंवा पैशाचा माज असलेलं असतं. सगळे हसतात आणि ती उठून आत जाते. दिरांच्या मोहोळजवळ म्हशी आहेत, त्यांना तर हा विषय फारच लागतो. ही माणसं पडद्यावर अशीच का दाखवतात?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या मुलीचं उठून जाणं मला अगदी समजतं. विनोदी प्रसंग लिहिणाऱ्याला झटकन ओळखू येणारं माणूस हवं असतं. ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ म्हणणारं कुणी जेवायला बसवलं की प्रसंग आयताच तयार होतो. ‘नॉटिंग हिल’ (१९९९) मध्ये मित्र नायकाची एका मुलीशी गाठ घालून देतात. ती झाडावरून आपोआप गळून पडलेलंच फळ खाते आणि ताटातल्या गाजरांचा खून झालाय म्हणते. एवढंच तिचं काम. ती करते काय, तिच्या घरी कोण आहे, हे आपल्याला कधीच कळत नाही. ‘स्कॉट पिलग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड’ (२०१०) मधल्या गर्विष्ठ वादकाला तर व्हीगन असल्यामुळे अचाट शक्ती मिळालेली असते. फसवून त्याला दुधाची कॉफी पाजतात, मग ‘व्हीगन पोलीस’ येऊन त्याची शक्ती काढून घेतात. कल्पना झकास आहे, मीही ती दाद देऊनच पाहिली. पण त्याने दूध का सोडलं, हे विचारावंसं तिथे कुणालाच वाटत नाही.

असं लिहिलं पाहिजेच असं मात्र नाही. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेत १९९५ साली लहानगी लिसा मांस सोडते. दिवसा कोकराला गोंजारून आलेली असते आणि रात्री ताटात त्याच प्राण्याचं मांस येतं. तिला घास जात नाही. कारण आपल्या डोळ्यांदेखत घडतं, त्यामुळे हसतानाही आपण तिच्याच बाजूने राहतो. त्याच भागात दुकानदार अपू चीजसुद्धा खात नाही, पण इतरांवर चिडायचं नाही हे तोच तिला शिकवतो. (अपूच्या उच्चारांवरून भारतीयांची टिंगल झाली हा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्तच आहे.) बीटल्सचे गायक पॉल मॅकार्टनी यांनी या भागात आवाज द्यायला एका अटीवर होकार दिला होता : लिसाला पुन्हा मांस खायला लावायचं नाही. ती अट पाळली गेली. आणि त्याच मालिकेत २००० साली एक पर्यावरणवादी तरुण येतो, तो म्हणतो की ज्याची सावली पडते असं काहीच मी खात नाही. मालिका तीच, पण एकीला कारण दिलं आणि दुसऱ्याला नुसतं वाक्य.

हे पडद्यापुरतंही नाही. मॅथ्यू कोल आणि कॅरन मॉर्गन या अभ्यासकांनी २००७ सालातल्या ब्रिटिश वर्तमानपत्रांमधले व्हीगन लोकांचा उल्लेख असलेले ३९७ लेख तपासले. त्यांतले ७४ टक्क्यांहून अधिक नकारात्मक निघाले. पटकथा लिहिणारेही तीच वर्तमानपत्रं वाचत असतात.

आता आपल्याकडचं, कारण तुमच्या दिरांचा प्रश्न इथेच येतो. आपल्या पडद्यावर दूध फार मोठ्या जागी बसलंय. पहिल्या रात्रीचा केशरी दुधाचा पेला, परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावरचं दही, आईची खीर. ती वाटी बाजूला सारणारी सून किंवा मुलगी लगेच आईची माया नाकारणारी ठरते. शिवाय दुधामागे घामही आहे. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला आणि त्याच्या पटकथेत आपले विजय तेंडुलकर होते. आमच्या फिल्म क्लबात तो दाखवला तेव्हा अक्कलकोटकडचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “फॅट लागत नाही म्हणून भाव पाडायचा, हे आमच्याकडे अजून चालतं.” अशा घरातल्या माणसाला ‘दूध सोडा’ हे वाक्य पोटावर आल्यासारखं वाटणारच. त्याला मागासलेला म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरी गोष्ट जातीची. काय खातो यावरून आपल्याकडे माणसाला हिणवलं गेलंय. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त डुकरं धरणारं कुटुंब आणि कडेला उभं राहून हसणारं गाव आठवा. त्यामुळे कुणी ‘मी हे खात नाही’ म्हणालं की ऐकणाऱ्याला त्यात सोवळं ऐकू येतं. तुमच्या मुलीच्या मनात तसं काही नसेल, पण हे तिला ठाऊक असलेलं बरं.

आणि तरीही आपल्याला वेगळं ताट मांडता येतं! पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. लग्नाच्या पंगतीत ‘हे माळकरी आहेत’ एवढं सांगितलं की वाढपी पुढचा प्रश्न विचारत नाही. माळकऱ्यामागे वारी आहे, दिंडी आहे, गाव आहे. तुमची मुलगी घरात एकटी आहे, आणि पडद्यावरचं पात्रही एकटंच असतं. एकट्यावर हसणं सोपं जातं.

बोंग जून-हो यांचा ‘ओक्जा’ (२०१७) दिरांसह एकत्र बघा. त्यातही प्राण्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या गटातला एक कार्यकर्ता टोमॅटोसुद्धा नको म्हणतो आणि उपाशीपोटी भोवळ येऊन पडायला येतो, हसू येतंच. पण तेच लोक मारही खातात, आपसात खोटंही बोलतात, चुकतात. डोंगरातली नायिका मिजा मासे धरते, कोंबडीही आवडीने खाते, आणि तिच्या लाडक्या जनावरासाठी जीव टाकते. सिनेमा तिच्याकडून प्रमाणपत्र मागत नाही. मुलीला आणि दिरांना एकाच सिनेमात आपापली माणसं सापडतील. पुढचं बोलणं त्यांचं त्यांना करू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

प्रश्न : विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी एकांकिका लिहितोय. नायिका व्हीगन आहे. ती हास्यास्पद होऊ नये म्हणून काय करू?
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : तिला आधी काम दे. ती एखाद्या गारमेंट युनिटमध्ये शिवणकाम करत असेल, नर्स असेल, काहीही. जेवणावरचं भाषण काढून टाक. आपल्याकडची कडक भाकरी आणि तेलात कालवलेली शेंगाचटणी ती मुकाट खाऊ शकते, त्यात दूध नाहीच. संक्रांतीच्या शेंगापोळीवर आजी तुपाची धार धरते तिथे पहिला प्रसंग घडू दे, आणि आजीला खलनायिका करू नकोस.

मुख्य प्रसंग मात्र गोठ्यात हवा. म्हैस व्याली की पारडी (मादी) झाली की रेडकू (नर) हे आधी बघतात. रेडकू झालं तर घरातल्यांचे चेहरे कसे होतात आणि त्याच्या वाट्याला किती दूध येतं, हे तुझ्या गावात जाऊन बघ. दूध सोडणाऱ्यांचं सगळं म्हणणं त्या खुंट्यापाशी आहे, आणि ते पडद्यावर जवळजवळ कुणीच दाखवत नाही. त्याच प्रसंगात म्हशीच्या मालकाला डेअरीचा हिशोब मांडू दे. दोघांनाही खरं बोलू दे, आणि निकाल तू लावू नकोस. संहिता झाली की पाठव, मी नक्की वाचेन.