शब्दजिज्ञासा : ‘एम्प्टी’मधला ‘पी’ आणि रिकामपणाचे कूळ

प्रश्न : कारखान्यावर ऊस खाली करून परतणाऱ्या ट्रॉलीला आमच्याकडे सर्रास ‘एम्प्टी गाडी’ म्हणतात. या शब्दाच्या स्पेलिंगमधला ‘पी’ बोलताना बहुधा ऐकू येत नाही; मग तो आला कोठून? व्हेकंट, व्हॅक्यूम, व्हॉइड हे शब्दही त्याच कुळातले आहेत काय?
— एक शिक्षिका, वाळवा (जि. सांगली)

उत्तर : प्रथम ‘पी’विषयी. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यापूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘ॲमेत्तिग’ असे होते आणि त्यात ‘प’चा मागमूसही नव्हता. मधला स्वर गळाला आणि ‘म’ व ‘त’ एकमेकांना येऊन भिडले. ‘म’ उच्चारताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकावाटे बाहेर पडते. ‘त’साठी मात्र नाकाची वाट बंद करून ओठ उघडावे लागतात. नाकाची वाट क्षणभर आधी बंद झाली आणि ओठ अजून मिटलेलेच राहिले, तर ते उघडताना ‘प’ आपोआप उमटतो. सावकाश म्हणून पाहिल्यास हे कोणालाही स्वतःच्या तोंडात अनुभवता येईल. तेव्हा हा ‘पी’ कोणा पंडिताने घुसडलेला नाही. तो बोलणाऱ्यांच्या ओठांनी निर्माण केला आणि लेखनाने पुढे जपून ठेवला.

मराठीला हा प्रकार मुळीच परका नाही. संस्कृत ‘आम्र’मध्ये ‘ब’ नाही, तरी आपण आंबा म्हणतो; ‘ताम्र’मध्ये नाही, तरी तांबे म्हणतो. ‘म’ आणि ‘र’ यांच्यामध्ये शिरलेला ‘ब’ इतका पक्का बसला की ज्या ‘र’मुळे तो आला, तोच पुढे नाहीसा झाला. ‘वानर’चे ‘वांदर’ होताना आलेला ‘द’ याच जातीचा. वर्गात ‘एम्प्टी’चे स्पेलिंग शिकवताना शेजारी ‘आम्र’ आणि ‘आंबा’ हे दोन शब्द फळ्यावर लिहावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मुलांना ते स्पेलिंग पाठ करावे लागणार नाही.

आता अर्थ, आणि या शब्दाची खरी गोडी तेथेच आहे. ‘ॲमेत्ता’ म्हणजे फुरसत, आणि ‘ॲमेत्तिग’ म्हणजे ज्याला फुरसत आहे, जो कशात गुंतलेला नाही तो. अविवाहित या अर्थीही तो शब्द योजला जाई. म्हणजे मोकळ्या माणसासाठी असलेला शब्द आत काही नसलेल्या वस्तूलाही लागू झाला. पुढे इंग्रजीत फुरसतीचा अर्थ लोपला आणि केवळ भांड्याचे, घराचे, पोटाचे रितेपण उरले. मराठीने मात्र दोन्ही अर्थ आजवर एकत्र नांदवले आहेत. हंडा रिकामा असतो आणि माणूसही; ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ या म्हणीतला न्हावी आतून पोकळ नसतो, त्याच्या हाताला काम नसते. मोकळी जागा आणि मोकळा वेळ ही जोडीही तशीच. मराठी वाचकाला त्या जुन्या इंग्रजी शब्दाची चाल आजच्या इंग्रज वाचकापेक्षा लवकर उमगेल, असे मला मनापासून वाटते.

व्हेकंट, व्हॅक्यूम व व्हॉइड यांचे कूळ निराळे आहे. ‘एम्प्टी’ हा इंग्रजीचा घरचा शब्द, तर हे तिघे लॅटिनकडून आलेले. त्यांतला ‘व्हॉइड’ जुन्या फ्रेंचमधून आला. परंतु लॅटिन ‘वाकारे’ या क्रियापदाचे अर्थही रिकामे असणे आणि सवड असणे असे दोन्ही होते, म्हणूनच न्यायालयाच्या सुटीला ‘व्हेकेशन’ म्हणतात. या लॅटिन कुळाचा मूळ धातू आणि संस्कृत ‘ऊन’, म्हणजे कमी असलेला, याचा धातू एकच, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपले उणे आणि उणीव हे शब्द त्यातूनच आले, आणि ‘एकोणीस’मध्ये, म्हणजे एकाने उणे वीस या संख्यानामात, तेच ‘ऊन’ दडलेले आहे. ‘रिक्त’चे इंग्रजी सोयरे मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडतात. त्याचा धातू ‘रिच्’ म्हणजे सोडणे, मागे ठेवणे. वारशाने मिळालेल्या धनाला ‘रिक्थ’ म्हणतात ते त्यावरूनच, आणि बँकेचे ‘लोन’ हा शब्दही त्याच मुळापर्यंत जातो.

जाता जाता, आपण स्वतःच वापरलेले ‘खाली करून’ हेही पाहावे. हा ‘खाली’ अरबीतून फारसीमार्गे आलेला, रिकामा या अर्थाचा शब्द आहे. वर-खालीमधल्या ‘खाली’शी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : इंग्रजीत नदी दुसऱ्या नदीत वा समुद्रात ‘एम्प्टी’ होते, असे लिहितात. मराठीत त्याचे भाषांतर कसे करावे?
— एक विद्यार्थी, कऱ्हाड (जि. सातारा)

उत्तर : येथे ‘एम्प्टी’ हे क्रियापद असून आपले पाणी ओतणे एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘रिकामी होते’ असे लिहिल्यास मराठी वाचक नदी आटली असे समजेल. आपल्याच गावच्या प्रीतिसंगमाविषयी लिहिताना ‘कोयना कृष्णेला मिळते’ असे लिहावे. समुद्राच्या बाबतीत ‘कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते’ हे निर्दोष आहे.