किनाऱ्यावरच्या गावात हवामानबदल समजवायला जाताय?

पहिल्याच भेटीत प्रेझेंटेशन नको, आधी कासवमित्रांसोबत, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांसोबत, पहाटे किनाऱ्यावर फिरा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी जपतायत, वाळूवरचा माग बघून घरटं शोधायचं कसं हे तीच माणसं शिकवतील. मग वाळूच्या तापमानावर या, कारण वाळू जास्त तापली की पिल्लांत माद्या जास्त निघतात आणि फारच तापली तर अंडीच खराब होतात, थर्मामीटर त्यांच्याच हातात द्या, हॅचरीतल्या (अंडी सुरक्षित ठेवायच्या कुंपणातल्या) नोंदी त्यांनाच ठेवू द्या, म्हणजे ग्लोबल वॉर्मिंग वेगळं समजवायला लागत नाही. आणि प्लीज, रिपोर्टमध्ये नोंदी करणाऱ्यांची नावं त्यांना विचारून टाका, गावात मराठीत वाचून दाखवा, बरेच जण डेटा घेऊन गायब होतात ते मला अजिबात पटत नाही. बायका सभेत गप्प बसतात, त्यांना मासळी बाजारात गाठा.