बाळ झाल्यावर खेळ संपतो का?

हा प्रश्न घेऊन बऱ्याच जणी येतात. ही केस एका टेनिस प्लेयरची, वय 32, राज्य पातळीवर खेळलेली, मुलगा सव्वा वर्षाचा (ओळख पटू नये म्हणून बाकीचे डिटेल्स बदललेत). क्लबमध्ये एका कॉलेजच्या पोरीकडून 6-1 हरली आणि रॅकेट कपाटात टाकली ती टाकलीच, ग्रिप पार चिकट झाली म्हणे. वर सासूबाई, "आता कशाला ती धावपळ?"

मी तिला डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्सबद्दल सांगितलं. ही इंग्लंडची, विम्बल्डन सात वेळा जिंकली, त्यातलं पहिलं 1903 ला. 1909 ला गरोदर म्हणून खेळली नाही, 1910 ला परत येऊन जिंकली, 1912 ला दुसऱ्या वेळी परत गॅप, मग 1913 आणि 14 ला सलग जिंकली. महायुद्ध संपल्यावर 1919 ला चाळीस वर्षांची असताना फ्रान्सच्या वीस वर्षांच्या सुझान लेंग्लेनसमोर फायनल खेळली, दोन मॅच पॉइंट हातात होते आणि तरी 10-8, 4-6, 9-7 अशी हरली.

ती म्हणाली, "मॅडम, ती ग्रेट होती हो, माझं काय."

बरोबरच आहे, आणि नुसती जिद्द-बिद्द ऐकवून कुणाचं भलं होत नाही असं माझं स्पष्ट मत. मला तिला दुसरंच दाखवायचं होतं. तेव्हा आदल्या वर्षीची विजेती थेट शेवटची एकच मॅच खेळायची. 1909 ला बाई खेळल्याच नव्हत्या, म्हणजे आदल्या वर्षीच्या विजेत्या नव्हत्या, म्हणून 1910 ला त्यांना सुरुवातीच्या राउंडपासून खेळावं लागलं. पुढच्या वर्षी मात्र ती एकच मॅच, डोरा बूथबीविरुद्ध, 6-0, 6-0! आणि त्या अमॅच्युअर, खेळावर घर चालवायचं नव्हतं, हेही विसरायचं नाही.

मग विचारलं, तू थेट फायनलच्या लेव्हलला का उतरतेयस गं? पहिला राउंड कुठेय तुझा?

मग आधी गायनॅकची परवानगी, फिजिओकडून ओटीपोटाचे व्यायाम, नुसती वॉल प्रॅक्टिस, आणि मंगळवार-गुरुवार सकाळी बाळ नवऱ्याकडे. हे शेवटचं ठरवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, दोघांना एकत्र बसवावं लागलं, कारण तो "मी हेल्प करतो की" म्हणायचा पण सकाळी उठायचा नाही. सासूबाईंशी तोच बोलला.

परवा क्लबच्या स्पर्धेत दुसऱ्या राउंडला हरली. फोनवर दहा मिनिटं डबल फॉल्टवरच चिडचिड चालली होती, सर्व्हिस टॉस चुकतोय म्हणे. कोच बघतोय ते आता.