गढीलगतचे चौकोनी खिळे

प्रश्न : आमचे शेत गावातल्या पडक्या गढीला लागून आहे. पुतण्याच्या धातुशोधक यंत्रामुळे नांगरटीनंतर तेथे बोटभर ते वीतभर लांबीचे चौकोनी खिळे सापडले. ते हाताने घडवलेले आहेत काय आणि त्यांवरून गढीचा काळ ठरेल काय?
– एक वाचक, उदगीर तालुका

उत्तर : लोहाराने ऐरणीवर घडवलेल्या खिळ्याचा दांडा चौकोनी असून तो चारही बाजूंनी टोकाकडे निमुळता होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंड-अमेरिकेत यंत्राने कापून निघू लागलेला खिळा बहुधा दोनच बाजूंनी निमुळता असतो. आजचा तारेचा खिळा गोल व एकसारख्या जाडीचा असतो. घडीव खिळ्याच्या माथ्यावर हातोडीचे असमान पैलू दिसतात, आणि तो माथा दांड्याच्या बरोबर मध्यावर क्वचितच बसलेला असतो. गंजाने उकललेला खिळा फेकू नये, कारण जुन्या घडीव लोखंडात धातू गाळताना उरलेल्या मळीचे धागे लांबीच्या दिशेने ओढले गेलेले असतात आणि त्यामुळे ते लाकडासारखे उभे चिरते.

वळलेल्या टोकाचे खिळे वेगळे काढावेत. दारात ठोकून मागे वळवलेल्या खिळ्याच्या माथ्यापासून वळणापर्यंतचे अंतर म्हणजे फळी व आडपट्टीची मिळून जाडी होय. गढीचे नाहीसे झालेले दार किती भक्कम होते, हे त्यावरून कळू शकते. माझ्या मते काळाच्या अंदाजापेक्षा ही माहिती मोलाची आहे. मोठ्या फुगीर माथ्याचा खिळा दारावरची गुलमेख, म्हणजे शोभेचा मोठा खिळा, असू शकतो. आखूड, बारीक खिळे मात्र बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्यांचेही असतील, आणि कुळवाच्या शेतात ते मिळणारच.

घडीव खिळा बिदरच्या सुलतानांच्या बरीदशाहीतला की निजामाच्या राजवटीतला, हे नुसत्या आकारावरून सांगता येत नाही, कारण यंत्राचे खिळे बाजारात आल्यावरही गावचे लोहार आणि फिरते घिसाडी आपले खिळे घडवीतच होते. काळ ठरतो तो खिळा कोणत्या थरात व कोणत्या खापरांसोबत होता यावरून, आणि यंत्र वाजले की खणत सुटणारे नेमका तोच पुरावा मोडतात. शिवाय पुरातत्त्वीय हेतूने उत्खनन करण्यास १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांच्या कायद्यानुसार केंद्र सरकारची मान्यता लागते.

सापडलेले खिळे ॲसिडमध्ये बुडवू नयेत किंवा घासून चकचकीत करू नयेत. मऊ ब्रशने माती झाडून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि प्रत्येकासोबत गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर व खोली लिहिलेली चिठ्ठी असावी.