स्टॉर्म चेजिंगच्या (म्हणजे वादळांचा पाठलाग करायच्या) टूरवर दिवसभर नेमकं करतात काय? टोर्नेडो दिसतोच का?

गाडीत बसतात. चेष्टा नाही करत, दहा-बारा तास व्हॅनच्या सीटवर जातात आणि वादळ प्रत्यक्ष समोर असतं ते फार तर तास-दोन तास, तेही नशिबात असेल तर. मी डॅलसजवळ राहतो, मे महिन्यात अशा टूरवर जाऊन आलोय. त्यातला एकच दिवस सांगतो, मग जायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा.

आदल्या रात्री नेब्रास्कात नॉर्थ प्लॅटला मुक्काम होता. ओक्लाहोमात नॉर्मनला स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे, सरकारी, ते रोज अख्ख्या देशाचा नकाशा काढतं, कुठे किती धोका ते हिरव्यापासून (सगळ्यात कमी) मॅजेंटापर्यंत (सगळ्यात जास्त) रंगांत. पहिला नकाशा रात्री एकलाच येतो आणि आमचा गाईड तो बघूनच झोपला असावा, कारण सकाळी सातला सामान गाडीत टाकून आम्ही हायवेला लागलेलो. नारिंगी पट्टा होता टेक्सासच्या पॅनहँडलवर (राज्याचं उत्तरेचं टोक). म्हणजे सरळ खाली जवळपास चारशे मैल, आणि दुपारी चारच्या आत पोचायचं, नाहीतर सगळं मुसळ केरात.

गंमत म्हणजे रस्ता एकच, यूएस ८३. नेब्रास्कातून निघायचं, अख्खं कॅन्सस उभं कापायचं, ओक्लाहोमाची चिंचोळी पट्टी ओलांडायची की टेक्सास. ओकली, गार्डन सिटी, लिबरल, पेरिटन अशी गावं येतात आणि जातात, मधे नुसता गहू, धान्याचे उंच पांढरे सायलो आणि गार्डन सिटीच्या आसपास गुरांच्या फीडलॉटचा असा वास की एसी बंद करावा लागतो. जेवण वगैरे काही नाही, पेट्रोल भरायला थांबलो की दहा मिनिटांत बाथरूम, काचेवर चिकटलेले किडे पुसायचे, हातात मिळेल ते घेऊन परत आत. मी सांगलीचं भडंग नेलं होतं, ते ओकलीच्या आधीच संपलं, अर्धं गाईडनेच खाल्लं.

लिबरलला दार उघडलं आणि हवा बदललेली. सकाळी नेब्रास्कात गार, कोरडं होतं, इथे शर्ट पाठीला चिकटला. मुंबईत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही 😄 पण गाईड मात्र खूश, कारण हीच ओल वादळाचं इंधन. ती मेक्सिकोच्या आखातावरून आग्नेय वाऱ्याने येते, पश्चिमेकडून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी भागातली कोरडी हवा येते, दोन्ही भिडतात त्या रेषेला ड्रायलाइन म्हणतात आणि वादळं बहुतेक तिथेच जन्मतात. पण त्याच कोरड्या गरम हवेचा एक थर वर दीड-दोन किलोमीटरवर झाकण घालून बसतो, त्याला हे लोक कॅप म्हणतात. कॅप कच्ची असेल तर दुपारी बाराच्या आधीच सगळीकडे ढग फुटून नुसता चिखल. फार पक्की असेल तर संध्याकाळपर्यंत निळं आभाळ, आणि आपण पेट्रोल पंपावर बसून. ती उशिरा आणि एखाददुसऱ्या ठिकाणीच फुटावी लागते.

पावणेचारला कॅनेडियन नावाच्या गावात पोचलो (हो, टेक्सासमध्ये, त्याच नावाच्या नदीकाठी) आणि मग काय, थांबलो. दोन तास. दिवसातला सगळ्यात अवघड भाग हाच. ढगांचे मनोरे उभे राहायचे, दहा मिनिटांत विरघळायचे, गाईड फोनवर सॅटेलाइटचं मिनिटामिनिटाचं चित्र बघत गप्प, आणि व्हॅनमधले दोन जण चक्क घोरत होते. बरं पुढे जावं म्हटलं तर या भागात नदीवर पूल मोजकेच, चुकीच्या काठाला राहिलात तर वादळ डोळ्यांदेखत निघून जातं.

साडेपाचच्या पुढे पॅम्पा गावाच्या बाजूला एक मनोरा उभा राहिला आणि विरघळला नाही. अर्ध्या तासात त्याचं डोकं ऐरणीसारखं पसरलं आणि आम्ही त्याच्या आग्नेयेला एका कच्च्या रस्त्यावर जाऊन उभे. हे सुपरसेल वादळ. खालचा वारा आग्नेयेचा, वरचा पश्चिमेचा, त्यामुळे वर चढणारा हवेचा अख्खा खांबच स्वतःभोवती फिरतो. पिळून उभं केलेलं धोतर जसं दिसेल तसा तो ढग दिसत होता, आणि मैलोन् मैल रुंद. पाठीवर गरम वारा, तो सगळा वादळाकडे ओढला जाणारा, गवत पण तिकडेच झुकलेलं. तळाला एक लोंबता ढग आला, सावकाश फिरायला लागला, सगळ्यांचे कॅमेरे वर... आणि मग गार वारा आला, ढग फाटला, संपलं. टोर्नेडो नाही.

नंतर मागच्या रस्त्याने जाताना गारा पडलेल्या दिसल्या, एक उचलली, लिंबापेक्षा मोठी, कडेला काटे काटे आलेले. शेजारच्या शेतात कापणीला आलेला गहू आडवा झालेला आणि मालक पिकअपला टेकून बघत उभा होता. आपल्याकडे मराठवाड्यात गारपिटीनंतर माणसं अशीच बांधावर उभी असतात. वादळ बघून आमच्या गाडीतल्यांनी वाजवलेल्या टाळ्या मला तेव्हा जरा जड गेल्या.

रात्री अकराला ओक्लाहोमातल्या एल्क सिटीत हॉटेल मिळालं, जेवण म्हणजे पेट्रोल पंपावरचा बुरिटो.

तर टोर्नेडो दिसतोच का? नाही. अमेरिकेत वर्षाला साधारण १२०० होतात, पण बरेचसे दहा मिनिटंही टिकत नाहीत आणि बहुतेक सुपरसेल एकही टोर्नेडो न देता मरतात. आणि दिसला तर जवळ जायचा हट्ट धरू नका. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रीनोजवळ चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडो झाला, त्यात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. ही माणसं हौशी नव्हती, टिम तर आयुष्य यात घालवलेले संशोधक होते. गाईड "बसा गाडीत" म्हणाला की फोटो अर्धवट सोडून बसायचं, विषय संपला.

जायचंच असेल तर मेचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा धरा. बुकिंगच्या आधी एका व्हॅनमध्ये किती माणसं कोंबतात आणि प्रत्येकाला खिडकी मिळते का एवढं नक्की विचारा, मधल्या सीटवर दहा तास बसून समोरच्याचं डोकं बघायला एवढे पैसे कोण देईल.