वॉर्फरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) सुरू करताना हेपरिन (त्याच कामाचं इंजेक्शन) पाच दिवस कशाला देतात? आणि पेशंटला पालेभाज्या बंद सांगायच्या का?

१९७२ तुम्हाला पाठ असणारच (फॅक्टर १०, ९, ७, २: रक्त गोठवणारे, व्हिटॅमिन केवर बनणारे, म्हणून वॉर्फरिनने घटणारे), तेव्हा हेपरिनचं आधी उरकतो. फॅक्टर ७ चं अर्धायुष्य जेमतेम ६ तास, म्हणून दोन-तीन दिवसांतच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढलेला दिसतो. तो फसवा. गुठळी खरोखर अडायला फॅक्टर २ खाली यावा लागतो आणि त्याचं अर्धायुष्य ६० ते ७२ तास. वर गोठणं रोखणारं प्रोटीन सी सुद्धा झटकन पडतं, म्हणजे सुरुवातीला रक्त गोठायला उलट सोपं. म्हणून किमान ५ दिवस, आणि आयएनआर २ च्या वर २४ तास टिकेपर्यंत हेपरिन. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एवढं पुरतं.

आता पालेभाजी. खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसलो.

माझ्या मावशीला हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप आहे. रात्री घर शांत झालं की शेजारच्या खाटेवर टिकटिक ऐकू येते. मामा डॉक्टर. त्याचं फर्मान: पालेभाजीला हात लावायचा नाही. मावशीने चार वर्षं पाळलं. कालनिर्णयच्या चौकोनात असिट्रॉमचा (वॉर्फरिनच्याच जातीची गोळी) डोस आणि आयएनआर लिहून ठेवायची, तरी आकडा कधी २.१, कधी ४.

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती श्रावणात आमच्याकडे म्हार्दोळला आली. आईने फणसाच्या आठळ्या घालून तायकिळा केला, दुसऱ्या दिवशी तांबडी भाजी, मग अळू. "इतक्याने काय होतंय?" करत आठ-दहा दिवस चाललं. मीही तिथेच जेवत होतो, गप्प. आयएनआर आला १.४. पोटात एनोक्झापरिनची (हेपरिनचाच प्रकार) इंजेक्शनं टोचून घ्यावी लागली आणि मामा फोनवर माझ्यावर ओरडला, "मग शिकतोस काय तिथे?"

हेच शिकत होतो, मामा. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं; ताटातलं ते शून्यावर आणून डोस बसवलास, तर दोन वाट्या भाजीनेही तोल जाणारच. पुढे मावशीला आठवड्यातून तीन दिवस वाटीभर भाजी ठरवून दिली, तिच्या डॉक्टरांनी डोस त्या हिशेबाने थोडा वाढवला, आणि आकडा आता बहुतेक वेळा हवा तिथे, २.५ ते ३.५ मध्ये असतो. मामा त्याला अजून योगायोग म्हणतो.

तेव्हा पेशंटला "बंद" सांगू नका, "नेहमीइतकीच खा" सांगा. आणि भाजीची चौकशी करताना हगवण लागल्यावर फार्मसीतून परस्पर आणलेल्या मेट्रोनिडाझोलची (जंतुनाशक गोळी) जास्त करा. त्याने आयएनआर असा उसळतो की तांबड्या भाजीचं काहीच वाटू नये.

हो, वर्षानुवर्षं भाजी सोडलेल्याला एकदम सुरू करायला लावू नका. आयएनआर तपासत, हळूहळू. रक्त गोठू न देणाऱ्या नव्या गोळ्यांना भाजीचं सोयरसुतक नसतं हे खरं, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यातल्याच डॅबिगॅट्रानची तशी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली, २०१३ मध्ये ते छापून आलंय. मामा मावशीला त्याही गोळ्या सुचवून बसला होता.